हनुमान जादेव, सनई

न्हावा शेव्याला कागद आधी येतो, माल नंतर. बोट अजून भर समुद्रात असते तेव्हाच तिच्यातल्या डब्यांची यादी, म्हणजे आमच्या बोलीत आयजीएम, कस्टम्सच्या संगणकात शिरलेली असते. मी क्लिअरिंगच्या धंद्यातला माणूस. बिल ऑफ लेडिंगवर एक नाव आणि इनव्हॉइसवर दुसरे निघाले, की चाळीस फुटी डबा सीएफएसमध्ये, म्हणजे डबे ठेवायच्या आवारात, पडून राहतो, भाडे रोज चढते, आणि एका अक्षरापायी शिपिंग लाइनच्या काउंटरवर अमेंडमेंटचा अर्ज घेऊन ताटकळावे लागते. या धंद्याने मला एक खोड लावली आहे. छापलेले नाव दिसले की मी ते आधी चुकीचे धरतो, मग पुरावा बघून बरोबर ठरवत जातो.

ही खोड घेऊन मी एका एलपीच्या आवरणापुढे बसलो. ‘वंडरवॉल म्युझिक’. संगीत जॉर्ज हॅरिसनचे, प्रकाशन १ नोव्हेंबर १९६८, इंग्लंड. बीटल्सनी काढलेल्या ॲपल कंपनीची ही पहिली एलपी. जो मॅसो या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटासाठी हॅरिसनने हे संगीत केले होते. आवरणावर वादकांची यादी आहे. काही लंडनमध्ये वाजवलेले, काही मुंबईत.

लंडनवाल्यांचा प्रश्न नाही. ते रेमो फोर. लिव्हरपूलचा गट, त्यातला गिटारवाला कॉलिन मॅनली हॅरिसनच्याच शाळेतला. हा गट पुढे मोडला, त्यातल्या टोनी ॲश्टन आणि रॉय डाइक यांनी पुढे तिसऱ्याला घेऊन नवा गट काढला, १९७१ मध्ये त्यांचे एक गाणे गाजलेही. हौशी मंडळींनी त्यांचा सगळा जमाखर्च तारीखवार मांडून ठेवला आहे.

मुंबईचा जो जथा होता त्याला नावच नव्हते. तो जानेवारी १९६८ मध्ये फोर्टात जमला, पाच दिवस वाजवत राहिला आणि पांगला. ब्रिटिश पॉपमधले इतके अल्पायुषी बँड थोडेच असतील. त्याचा फोटो नाही, पोस्टर नाही, भांडण नाही, पुनर्मीलन नाही. आहेत ती आवरणावरची नावे, आणि त्यातली बरीचशी इंग्रज टंकलेखकाच्या कानाने ऐकलेली. सनईपुढे ‘शरद’ आणि ‘हनुमान जादेव’. बासरीपुढे ‘एस. आर. केनकरे’. सूरबहारपुढे नुसतेच ‘चंद्रशेखर’. हे वाचताना कोणत्याही मराठी माणसाचा हात पेन्सिलीकडे जाईल.

पण आधी थोडे मागे जायला हवे, कारण इंग्लंडातल्या पॉपच्या कागदपत्रांत मराठी नाव शिरले ते याआधी दोन वर्षे, आणि तेव्हा ते अचूक छापले गेले होते.

ऑक्टोबर १९६५. ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात हॅरिसनच्या सतारीची तार तुटली. नवी तार शोधताना बीटल्स मंडळी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलपर्यंत पोचली. उत्तर लंडनमधल्या फिंचलीत अयना अंगडी हा कर्नाटकातला गृहस्थ आणि त्याची इंग्रज चित्रकार पत्नी पॅट्रिशिया आपल्या घरातून ही संस्था चालवत. एप्रिल १९६६ मध्ये हॅरिसनला ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी तबलजी हवा होता, तो अंगडींनीच पाठवला. नाव अनिल भागवत.

मार्क लुइसन या अभ्यासकाला बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआयच्या कपाटातली सत्रपत्रके तपासायला मिळाली आणि त्यावरून त्याने १९८८ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. बीटल्सविषयीच्या तारखांचा हा आपला पहिल्या प्रतीचा पुरावा. त्यात ११ एप्रिल १९६६ च्या सत्राबरोबर भागवतांची आठवणही आहे. अंगडींचा फोन आला, आज संध्याकाळी जॉर्ज नावाच्या कोणाबरोबर वाजवशील का. घ्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा कुठे हा जॉर्ज कोण ते उमगले. ॲबी रोडच्या स्टुडिओपाशी तर बीटल्सची वाट पाहणाऱ्या पोरीच पोरी होत्या. मग दोघांनी बसून सोळा मात्रांचा तीनताल ठरवला. ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ ही एलपी निघाली तेव्हा आवरणावर गाण्याच्या नावाजवळ ‘अनिल भागवत, तबला’ असे छापलेले होते. बीटल्सच्या आवरणावर बाहेरच्या वादकाचे नाव येणे हे तेव्हा सरसकट होत नसे. भागवतांना त्याचा अभिमान होता.

पुढच्याच वर्षी हिशेब उलटा झाला. १५ मार्च १९६७ ला ‘विदिन यू विदाउट यू’ ध्वनिमुद्रित झाले. या गाण्यात हॅरिसन सोडून दुसरा एकही बीटल नाही. वाजवणारे भारतीय, नंतर त्यावर लंडनच्या व्हायोलिन-चेलोवाल्यांचा थर. हे गाणे असलेली ‘सार्जंट पेपर’ ही एलपी जगभर लाखांनी खपली आणि आवरणावर या भारतीयांपैकी कोणाचेही नाव नव्हते. पन्नास वर्षे नव्हते. २०१७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाने शोध घेऊन ती लावली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. अण्णा जोशी! सदाशिव पेठेत हाक मारली तर चार खिडक्या उघडतील असे नाव, आणि ते विसाव्या शतकातल्या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या एलपींपैकी एकीत अर्धे शतक निनावी पडून होते. चुकीचे नाव आणि गाळलेले नाव यांत निवड करायची वेळ आली तर मी चुकीचे घेईन. चुकलेल्याला अमेंडमेंट करता येते.

आता फोर्ट.

हॅरिसन मुंबईला नवा नव्हता. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला आला आणि ताजमध्ये सॅम वेल्स या नावाने उतरला. (कागदावर मुद्दाम खोटे नाव घालणाऱ्याला आमच्याकडे मिसडिक्लरेशनची नोटीस जाते.) ते नाव फार दिवस टिकले नाही, ताजखाली पोरापोरींची गर्दी झाली आणि गुरुशिष्य काश्मीरला निघून गेले. त्या मुक्कामात त्याचा रियाझ पाहायला रविशंकरांचा शिष्य शंभू दास होता. जानेवारी १९६८ मध्ये वादक जमवण्याचे काम याच शंभू दासने आणि एचएमव्हीच्या विजय किशोर दुबे यांनी केले.

तारखा अशा लागतात: हॅरिसन ७ जानेवारीला लंडनहून निघाला. ध्वनिमुद्रण ९ तारखेला सुरू झाले आणि १३ पर्यंत चालले. १८ ला तो परत लंडनमध्ये. म्हणजे संक्रांतीच्या तोंडावरचा आठवडा, मंगळवार ते शनिवार. जागा सर फिरोजशहा मेहता रोडवरची युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग. तिथे एचएमव्हीचा स्टुडिओ होता, आणि एचएमव्ही म्हणजे शेवटी ईएमआयचीच भारतातली शाखा. बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसपासून चालत पंधरा मिनिटे. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून आमची मंडळी वर्षानुवर्षे त्याच भागात फायली घेऊन फिरत आली. १९६८ मध्ये इकडच्या तीरावर मात्र अजून भातखाचरे, मिठागरे आणि कोळ्यांच्या होड्या होत्या. बंदर सुरू झाले ते १९८९ मध्ये.

स्टुडिओची वर्णने हॅरिसनच्या नंतरच्या मुलाखतींतून येतात. हा स्मरणाचा पुरावा, म्हणून जरा जपून. तो सांगतो की मुंबईत एकच मोनो यंत्र होते, ॲबी रोडवर निव्वळ प्रतिध्वनीच्या कामाला वापरत त्या जातीचे. मग एचएमव्हीचे, म्हणजे ग्रामोफोन कंपनीचे, भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र रेल्वेने आणवले. (हे मेनन पुढे अमेरिकेतल्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे आणि मग जगभरच्या ईएमआय संगीताचे प्रमुख झाले.) गोष्ट रंगवलेली वाटते, पण कागदाशी जुळते: मुंबईची टेप फेब्रुवारीत ॲबी रोडला पोचली तेव्हा ती दोन ट्रॅकवरून चार ट्रॅकवर उतरवून घ्यावी लागली, अशी तिथे नोंद आहे. यंत्र कलकत्त्याहूनच आले की आणखी कुठून, हे टेप सांगत नाही. पण ते दोन ट्रॅकचे होते एवढे सांगते.

दुसरी आठवण मला जास्त खरी वाटते, कारण ती फोर्टात नोकरी केलेल्या कोणालाही पटेल. स्टुडिओ ऑफिसांच्या वर होता आणि ध्वनिरोधाचा पत्ता नव्हता. साडेपाचला ऑफिसे सुटली की जिने उतरणाऱ्या पावलांचा धडधडाट थेट मायक्रोफोनमध्ये. ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. रस्त्यावरच्या टॅक्सीही टेपवर आल्या आहेत, असे तो म्हणतो. यावरून एक गोष्ट निश्चित होते की काम दिवसाढवळ्या, ऑफिसच्या वेळेतही चालू होते. आणि एक अंदाज करता येतो: शनिवारी, १३ तारखेला, ऑफिसांना हाफ डे असल्यामुळे दुपारनंतर जिने शांत मिळाले असतील. हा अंदाजच, पण फोर्टाचा शनिवार ज्याने पाहिला आहे तो त्याला हसणार नाही.

वाजवले काय? हॅरिसनने लंडनमध्ये चित्रपट पाहताना हाती स्टॉपवॉच धरून प्रसंगांची लांबी टिपून घेतली होती. एवढ्या सेकंदांचे रडणे, एवढ्या सेकंदांचा प्रणय. वादकांपुढे त्याने त्या लांबीची मागणी ठेवली. मैफलीत आलाप रंगेल तसा वाढवणाऱ्यांना हे विचित्र वाटायला हवे होते, पण मुंबईच्या वादकांना नव्हे. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात सेकंदाच्या हिशेबाने वाजवणे हा या शहरातल्या वादकांचा रोजचा धंदा होता. या पाच दिवसांत एवढे काम उरकले ते मला तरी याच तालमीमुळे वाटते. एलपीवरच्या १९ तुकड्यांपैकी मुंबईचे तुकडे नावांवरूनही ओळखू येतात: ‘तबला अँड पखवाज’, ‘गुरुवंदना’, ‘गत किरवाणी’. सरोदवादक आशिष खाँ एका तुकड्यात स्वतःच्याच ध्वनिमुद्रित सरोदाशी जुगलबंदी करतात. आपणच आपल्याला साथ द्यायची ही कल्पना त्यांना नवी होती आणि नंतर ती त्यांनी कौतुकाने सांगितली आहे.

‘क्राइंग’ नावाच्या तुकड्यात जे वाद्य रडते ते विनायक व्होरांची तारशहनाई. इथे माझ्यातला क्लिअरिंगवाला जागा होतो. नावात शहनाई असली तरी हे फुंकवाद्य नव्हे. इसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला, गजाने वाजवायचे. शुल्क-वर्गीकरणात तंतुवाद्ये ९२०२ मध्ये, फुंकवाद्ये ९२०५ मध्ये. नुसत्या नावावर विसंबलेला माणूस इथे हमखास चुकेल. बीटल्सवर लिहिणारेही तारशहनाई आणि सनई यांच्यात अडखळले आहेत. आवरणाने मात्र हा फरक बरोबर ठेवला आहे, व्होरांचे पहिले नाव ‘विनाइक’ करूनसुद्धा.

पाच दिवसांतल्या एका सत्रात चित्रपटाशी संबंध नसलेली एक चाल वाजवून घेतली गेली. लुइसनच्या नोंदीप्रमाणे शुक्रवार, १२ जानेवारी. पुढे हिचेच ‘द इनर लाइट’ झाले. शब्दांचा आधार ‘ताओ ते चिंग’चा ४७ वा अध्याय, तो सुचवला केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मास्कारो यांनी. म्हणजे चिनी ग्रंथ, स्पॅनिश संस्कृतपंडित, लिव्हरपूलचा गवई आणि फोर्टातले वादक. (बरोबर ५६ वर्षांनी, १२ जानेवारी २०२४ ला, शिवडी ते न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तारखा जुळवणाऱ्याला असले काही दिसले की राहवत नाही.)

६ फेब्रुवारीला ॲबी रोडवर टेप उतरवून घेतली. हॅरिसनला वाटत होते की या पट्टीत आपल्याला गाता येणार नाही. मॅककार्टनीने धीर दिला. ८ तारखेला लेनन आणि मॅककार्टनी यांनी शेवटी थोडा आवाज मिसळला. १५ मार्च १९६८ ला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला हे गाणे निघाले. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना, आणि युरोपबाहेर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे एकमेव गाणे. तबकडीवर नाव बीटल्सचे. ऐकू येते त्यातले माणसांचे गळे त्यांचे, वाद्य एकही त्यांचे नाही.

आता खरा पेच. या गाण्यात बासरी कोणाची?

सिंगलवर वादकांची नावे छापत नसत. म्हणून आधीच्या पुस्तकांनी सोपा मार्ग धरला: त्याच आठवड्यात, त्याच स्टुडिओत झालेल्या ‘वंडरवॉल’च्या आवरणावरची यादी उचलून गाण्याला लावली. बासरी केंकरे, सनई शरद आणि हनुमान, हार्मोनियम रिजराम देसाद, सरोद आशिष खाँ, पखवाज महापुरुष मिश्र. अलीकडच्या लेखनात बासरी हरिप्रसाद चौरसियांकडे जाते. आवरणावर त्यांचे नाव नाही.

आमच्या धंद्यात याला एका मालाची पॅकिंग लिस्ट दुसऱ्या मालाला जोडणे म्हणतात. दोन्ही डबे एकाच बोटीने आले, म्हणून आतला माल एकच असे होत नाही. यादी एलपीची आहे. गाणे एलपीवर नाही. तेव्हा केंकऱ्यांच्या नावाला जो छापील आधार आहे तो एलपीपुरता. चौरसियांच्या बाजूने परिस्थितीचा पुरावा बरा आहे. संतूरवर यादीत जे ‘शिव कुमार’ आहेत ते शिवकुमार शर्मा, आणि शर्मा-चौरसिया जोडीने नुकतीच, १९६७ मध्ये, एचएमव्हीसाठीच ‘कॉल ऑफ द व्हॅली’ केली होती. तिचे निर्माते जी. एन. जोशी, ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे नागपूरचे वकील, पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी. गिटारवर ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीच्या माणसांना बासरी हवी असेल तर त्या महिन्यात त्यांना पहिल्यांदा कोणाचे नाव आठवले असेल? माझा कौल असा: गाण्यातली बासरी चौरसियांची, एलपीवरची केंकऱ्यांची. मोठ्या नावाने छोट्या नावाला यादीतून ढकलून द्यायचे हे मात्र मला मान्य नाही, आणि काही याद्यांत ते तसे होऊ लागले आहे.

केंकऱ्यांचे नाव तर दुरुस्त करायलाही सोपे. ‘केनकरे’ म्हणजे केंकरे, गोमंतकातले आडनाव, मराठी रंगभूमीला दामू केंकऱ्यांमुळे घरचे झालेले. इंग्रजी स्पेलिंगही खरे तर ठीक आहे, फक्त वाचणाऱ्याने इंग्रजासारखे वाचू नये. सूरबहारपुढच्या ‘चंद्रशेखर’ला नंतरच्या अभ्यासकांनी आडनाव मिळवून दिले: नारिंग्रेकर. नारिंग्रे देवगड तालुक्यातले. आवरणाने नेमका कोकण तेवढा गाळला होता.

सनईवाल्यांचे कोडे जास्त अवघड. आवरणावर ‘शरद’ला आडनाव नाही. मग पुस्तकांनी त्याला आडनावे दिली, कुठे ‘कुमार’, कुठे ‘घोष’. ‘घोष’ कुठून आले असावे हे मला दिसते. यादीत थोडे पुढे ‘शंकर घोष’ आहेत. नक्कल करणाऱ्याची नजर एक ओळ घसरली की शरदच्या गळ्यात घोष पडतो. अशा घसरलेल्या ओळी मी रोज पाहतो. तिसरी शक्यता अशी की शरद आणि हनुमान या दोन नावांना मिळून आडनाव एकच, ‘जादेव’. एकाच वाद्यापुढे लागोपाठ दोन नावे आणि शेवटी एक आडनाव, ही भावाभावांची किंवा एका घरातल्यांची नोंद करायची साधी रीत आहे. आणि सनई हे आपल्याकडे घराण्यात चालणारे वाद्य. देवळाच्या नगारखान्यात, लग्नाच्या मांडवात ते जोडीनेच दिसते, एक सूर धरणारा, एक वाजवणारा.

आणि ‘जादेव’? असे आडनाव मी तरी ऐकलेले नाही. हनुमान हे नाव, मुंबई हे शहर, सनई हे वाद्य. जाधव असणार. इंग्रजाच्या कानाला ‘ध’ सापडत नाही, तो ‘द’ लिहितो. मग ‘अव’ला त्याने ‘एव’ केले. अनिल भागवतांचे ‘भ’ मात्र शाबूत छापले गेले, कारण ते लंडनमध्ये होते आणि स्वतःचे स्पेलिंग स्वतः सांगू शकत होते. हनुमान फोर्टात होता आणि आवरण लंडनला छापले गेले. मधल्या नऊ महिन्यांत ते नाव किती हातांतून गेले असेल!

२०१४ मध्ये हॅरिसनच्या ॲपल काळातल्या तबकड्या नव्याने निघाल्या. त्यात ‘वंडरवॉल’च्या शेवटी ‘द इनर लाइट’चा गाण्याविना एक निराळा टेक जोडला आहे. तो सुरू होण्याआधी हॅरिसन वादकांशी बोलतो ते ऐकू येते. हा सगळ्यांत उशिरा हाती आलेला कागद, आणि मला सर्वांत जवळचा, कारण त्यात खोली आहे. वाद्ये हाताशी आहेत, अजून वाजायची आहेत, एक परका मुलगा, वय वर्षे चोवीस, आपल्यापेक्षा कितीतरी तयार माणसांना चाल समजावतो आहे. मग ते वाजवतात. गळा नसल्यामुळे सगळे वेगळे वेगळे कळते. हार्मोनियम गाण्याची जागा धरून बसलेला, त्याच्या अंगाने बासरी, पखवाज.

मी ते ऐकतो ते बहुधा जासईच्या नाक्यावर, ट्रेलरच्या रांगेत गाडी अडकली की. फोनमध्ये एक फाइल करून ठेवली आहे, आमच्या अमेंडमेंट अर्जाच्या धर्तीवर. रकाने तेच: जुनी नोंद, नवी नोंद, आधार. जुनी नोंद, विनाइक व्होरा; नवी, विनायक. जुनी, चंद्रशेखर, नवी, चंद्रशेखर नारिंग्रेकर. जुनी, हनुमान जादेव. नवी, हनुमान जाधव. या शेवटच्या ओळीपुढे आधाराच्या रकान्यात मी ‘आडनावाचा अंदाज’ असे लिहून ठेवले आहे. असा अर्ज आमच्या काउंटरवर कोणी स्वीकारणार नाही, हे मला ठाऊक आहे.